स्वस्त वस्तू बनवणारे खूप आहेत, पाड्यावर त्या दुरुस्त कोण करणार?

पेठरोडचा_मिस्त्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या.

नाशकात पेठ रोडला माझं इन्व्हर्टर-बॅटरी रिपेअरिंगचं दुकान आहे. गेल्या महिन्यात पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेचा इन्व्हर्टर बंद पडला म्हणून गेलो होतो. काम उरकलं, चहा झाला, तेवढ्यात अधीक्षक सर म्हणाले भाऊ आलाच आहात तर हेही बघून घ्या, आणि त्यांनी स्टोअरचं कपाट उघडलं. खालच्या दोन फळ्यांवर सोलर कंदील, एकावर एक रचलेले, मोजले तर चौतीस. एकही लागत नाही. चार वर्षांपूर्वी कुणीतरी वाटले होते, स्टिकरही आहे, नाव लिहीत नाही कारण देणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं.

एक तिथंच उघडायला घेतला तर तळाला तीन पाकळ्यांचे स्क्रू, नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर लागतच नाही, शेवटी गाडीतून बिटचा सेट आणला. आत सहा व्होल्टची सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी, दोन्ही बाजूंनी फुगलेली. मीटर लावला, पावणेदोन व्होल्ट. एलईडी मात्र ठणठणीत, बाहेरून सप्लाय दिला की लख्ख. पॅनेल उन्हात धरलं तर नऊच्या वर दाखवतंय. म्हणजे गेली फक्त बॅटरी, आणि ती का गेली तेही सरळ आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली, पोरं घरी गेली, कंदील जसे रिकामे होते तसेच कपाटात, शाळा उघडेपर्यंत कुणी उन्हात ठेवलेच नाहीत. लेड-अ‍ॅसिड अशी रिकामी पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही. एक सुट्टी, फार तर दोन, विषय संपला.

मी खोलत होतो तेव्हा सहावीतली एक मुलगी दारात उभी होती. म्हणाली, काका, म्हणजे ह्यो मेला नव्हता का?

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये. इतकी वर्षं त्या पोरी अंधारात संडासला गेल्या आणि दुरुस्त होणारे चौतीस दिवे कपाटात पडून होते. आपल्या नाशकात सामाजिक उद्योग करणारी, पाड्यांसाठी स्वस्त तंत्रज्ञान बनवणारी बरीच तरुण मंडळी आहेत, इथंही काही जण असतील. वस्तू विकत घेताना स्वस्त आहे हे मान्य, पण दुसऱ्या वर्षी ती कोण उघडणार, याचा विचार बनवतानाच कुणी केलाय का? केला असेल तर कसा, मला शिकायचंय.

सुरगाण्याच्या_बाई

दादा, धागा वाचून लगेच लिहायला बसले. मी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, बारा वर्षं.

आमच्याकडे कपाटात कंदील नाहीत, टॅब आहेत. त्यातले काही चार्जिंगची पिन मोडून बंद, काहींचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या सरांकडे. पुस्तकात क्यूआर कोड असतो, मोबाईल धरला की व्हिडिओ, कल्पना खरंच सुंदर आहे, परितेवाडीच्या डिसले सरांनी ते वर्गात करून दाखवलं आणि २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आम्ही शाळेत पेढे वाटले होते. पण आमच्या शाळेत नेटवर्क नाही. मागच्या टेकडीवर आंब्याखाली उभं राहिलं की दोन काड्या येतात, आता वर्ग आंब्याखाली नेणार किती वेळा.

मग एका ओळखीच्या मुलाने रास्पबेरी पाय बसवून दिला, पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, त्यावर कोलिब्री नावाचं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, इंटरनेट नसतानाही चालतं, धडे एकदा कार्डात भरले की त्या डबीच्या वायफायवर टॅब जोडायचे. मुलं हरखून गेली. आणि तीन आठवड्यांत डबी बंद. लाइट जाते-येते ना, तशी अचानक गेली की आतलं मेमरी कार्ड खराब होतं. तो मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला. मी फोनवर त्याला विचारत विचारत कार्ड परत कॉपी करायला शिकले, आता भरलेली दोन कार्डं कायम माझ्या पर्समध्ये असतात आणि डबी पॉवर बँकवर चालते. एवढं त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं असतं तर दीड महिना वाया गेला नसता. त्याच्यावर राग नाही माझा, त्यालाही कुणी सांगितलं नसेल.

अजून एक सांगते. धडे सगळे पुस्तकी मराठीत. माझ्या पहिलीच्या मुलांची घरची भाषा कोकणी आहे, म्हणजे इथल्या कोकणा लोकांची, समुद्राकडची नव्हे. ती मुलं व्हिडिओकडे बघतात पण ऐकत नाहीत. मग सहावीच्या मुलींना माझा मोबाईल दिला आणि सांगितलं घरी आजीकडून गोष्ट भरून आणा. त्या गोष्टी डबीत टाकल्या. वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा दुसऱ्या दिवशी टॅब घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, बाई ही माझी आजी आहे. त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याशी पूर्ण वाक्य बोलला.

सातपूर_मेंटेनन्स

मिस्त्री, एकदम जिव्हाळ्याचा विषय. मी सातपूरला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि दोन वर्षं आमच्या सीएसआर कमिटीत होतो, त्यामुळे आतली बाजू सांगतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५, मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला द्यायचे, एका मर्यादेच्या वरच्या कंपन्यांना ते बंधनकारक. चांगला कायदा आहे, त्यातून खूप कामं उभी राहिलीत. पण आमच्याकडे होतं काय, फेब्रुवारी उजाडला की घाई, ३१ मार्चच्या आत खर्च दिसला पाहिजे, म्हणून जे मोजता येतं आणि ज्याचा फोटो निघतो ते घ्यायचं. दोनशे दिवे, पन्नास सायकली. मी एकदा प्रस्तावात लिहिलं की दिव्यांच्या वीस टक्के पैसे बॅटरी बदलायला मागे ठेवू, तर उत्तर आलं की मग दिवे कमी होतील.

आणि हेच आम्ही शॉपफ्लोअरवर काय करतो? एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार ठरल्याशिवाय, स्पेअरची लिस्ट हातात आल्याशिवाय मशीन गेटच्या आत येत नाही. ऑपरेटरचं ट्रेनिंग झाल्याची सही लागते. स्वतःच्या कारखान्यासाठी जी अक्कल वापरतो ती शाळेला देताना घरी ठेवून जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कंदिलांचं. सहा व्होल्टच्या जागी ३.२ व्होल्टचे दोन लिथियम आयर्न फॉस्फेट सेल सिरीजमध्ये बसतील, ६.४ होतात, पूर्ण चार्ज ७.३, तुमचं जुनं सर्किट साधारण तिथंच थांबत असेल पण मोजून बघा. मध्ये बीएमएस, म्हणजे सेलला सांभाळणारं छोटं सर्किट, टाकल्याशिवाय लावू नका. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, निकेल पट्टी स्पॉट वेल्ड करून मिळते. हे सेल सुट्टीत पडून राहिले तरी लेड-अ‍ॅसिडसारखे खराब होत नाहीत, फक्त अर्धे चार्ज करून ठेवा.

सिडकोकर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. शाळेत दिवा, पाणी, शिक्षण हे सरकारचं काम आहे. आपण कंदील दुरुस्त करत बसलो तर आश्रमशाळेला नीट वीज द्या असं कोण म्हणणार? सामाजिक उद्योजक म्हणजे शेवटी कंपनीच, आज नफा आहे तोवर आहे, उद्या दुसऱ्या राज्यात जाईल. गरिबाला नागरिकाचा ग्राहक करू नका एवढंच म्हणणं आहे.

निवृत्त_हातपंपवाला

सिडकोकर साहेब, तुमचा मुद्दा मोलाचा आहे. मी जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकात होतो, म्हणजे सरकारच. म्हणून थोडं सविस्तर लिहितो, नातवाला टाइप करायला बसवलंय.

आज गावोगाव जो हातपंप दिसतो त्याला इंडिया मार्क टू म्हणतात. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे बोअर भरपूर झाले, पण वर बसवलेले बिडाचे पंप घरगुती वापराचे, एका कुटुंबाने दिवसाला चार बादल्या काढाव्यात असे. त्यावर अख्खं गाव दिवसभर, मग तुटणारच. तेव्हा आपल्याच महाराष्ट्रात, जालना आणि सोलापूर इथं मिशनच्या लोकांनी स्टीलचा दणकट पंप बनवायला घेतला. सोलापूर पंपाच्या त्या कल्पनेवरूनच पुढे युनिसेफ, सरकार आणि कारखानदार यांनी मिळून मार्क टू केला. त्यावर कुणाचं पेटंट ठेवलं नाही. मापं ठरवून दिली, कोणत्याही कारखान्यानं बनवावा, एकाचा वॉशर दुसऱ्याच्या पंपाला बसावा. म्हणून तो देशभर गेला आणि आफ्रिकेतही गेला.

पण त्यातही एक खोट राहिली. खालचा वॉशर झिजला की अख्खी पाइपलाइन वर ओढावी लागायची. आम्ही गाडी घेऊन जायचो, तिपाई लावायची, चेन पुली, एकेक लोखंडी पाइप वर काढून पान्याने धरायचा, दुसरा सोडवायचा, उन्हाळ्यात पाइपाला हात लावता येत नाही इतका तापतो, आणि एवढं करून आत मूठभर किमतीचं चामड्याचं वॉशर बदलायचं. पथक एक, गावं शेकड्यांनी. बायका विचारायच्या, भाऊ आता किती दिवसांनी याल? आमच्याकडे उत्तर नसायचं.

मग मार्क थ्री आला. त्यात पाइप रुंद केला, त्यामुळे पाइप न काढता पिस्टन आणि खालचा व्हॉल्व आतूनच वर ओढता येतो. दोन पाने आणि दोन माणसं. एका गावात मी दोन बहिणींना शिकवलं, दोघी चौथी शिकलेल्या, तिसऱ्या वेळी मी नुसता उभा होतो. तो पंप महाग होता मार्क टूपेक्षा, बाळांनो. विकत घेताना महाग. पण गावाला पडला स्वस्त, कारण पाणी दोन तासांत सुरू, पथकाची वाट बघायला नको.

तेव्हा सरकार की कंपनी यात मी पडत नाही. वस्तू ज्याच्या दारात आहे त्याच्या हातानं उघडता आली पाहिजे आणि तिचा स्पेअर तालुक्याच्या बाजारात मिळाला पाहिजे.

पेठरोडचा_मिस्त्री

काका, तुमच्या नातवाचे आभार मानतो आणि तुमचे तर किती मानू. तीन पाकळ्यांचा स्क्रू आणि मार्क टूचा पाइप, गोष्ट एकच आहे.

गोदाकाठ_कन्या

मी अशा उद्योजकांपैकीच एक होऊ पाहतेय, म्हणून जरा धडधडत लिहितेय.

२०१५ च्या सिंहस्थाच्या आधी नाशकात कुंभथॉन झाली होती, आपल्या नाशिकचेच आणि आता अमेरिकेत एमआयटीत असलेले रमेश रासकर सर त्यामागे होते. मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला. गर्दी मोजायची, हरवलेली माणसं शोधायची, साथीचे आजार वेळेत ओळखायचे, शहराचा खरा प्रश्न घ्यायचा आणि तिथल्या तिथं करून बघायचा. एका शाळकरी मुलाच्या टीमने पायाखालच्या चटईवरून गर्दी मोजायचं यंत्र केलं आणि ते कुंभात वापरलंही गेलं. ते बघूनच मी ठरवलं की हेच करायचं.

आता मी अंगणवाडीसाठी स्वस्त उंची-वजनाचं यंत्र करतेय. आणि हा धागा वाचून काल रात्री माझं डिझाइन परत उघडलं. मी डबा चिकटवून बंद केला होता, कारण तो पाण्याने खराब होऊ नये आणि कुणी उगाच उघडू नये. तो दुसरा विचार किती चुकीचा होता ते आता कळतंय. सेविकाताईंनी उघडलं तर काय बिघडेल, सेल बदलतील!

पण काका, दादा, एक प्रामाणिक अडचण. उघडता येणारा डबा, साधे स्क्रू, बाजारात मिळणारा सेल, मराठीत दुरुस्तीचं पान, हे सगळं केलं की किंमत साधारण पाव पटीने वाढतेय. निविदेत सगळ्यात कमी किंमतवाल्यालाच काम मिळतं. मग मी काय करू?

सातपूर_मेंटेनन्स

ताई, किंमत एका यंत्राची सांगू नका, पाच वर्षांची सांगा. पाच वर्षांत किती सेल, किती वेळा बंद, बंद असताना किती महिने वजनं झाली नाहीत. कारखान्यात आम्ही तसंच पटवतो.

आणि मदुराईच्या अरविंद नेत्रालयाचं बघा. १९७६ ला डॉ. वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर ११ खाटांवर सुरू केलं. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवायची लेन्स परदेशातून यायची, शंभर डॉलरच्या आसपास, गरिबाला परवडणं शक्य नाही. त्यांनी १९९२ ला ऑरोलॅब काढून ती स्वतः बनवायला घेतली आणि किंमत दहा डॉलरच्या आत आणली. पण नुसत्या लेन्सवर हे झालं नाही, खेड्यातल्या मुली घेऊन त्यांना डोळ्यांच्या कामाचं ट्रेनिंग दिलं, हॉस्पिटलचा कणा त्याच आहेत. पैसे देऊ शकणाऱ्यांच्या बिलातून न देऊ शकणाऱ्यांची ऑपरेशनं होतात. सिडकोकर, इथं गरीब माणूस ग्राहक झाला असं मला तरी वाटत नाही.

सिडकोकर

अरविंदचं उदाहरण मान्य. माझ्या आईचं ऑपरेशन अशाच एका ट्रस्टच्या दवाखान्यात झालंय, त्यामुळे त्या कामाची किंमत जाणतो. माझी भीती एवढीच की कंदील चालू झाला की आश्रमशाळेच्या विजेचा अर्ज मागे पडेल. दोन्ही सोबत करा. अर्ज लिहायला, पाठपुरावा करायला मी बसतो, निवृत्त आहे, वेळ आहे.

हरसूलचा_पोऱ्या

मी त्र्यंबक तालुक्यातला, हरसूल साइडचा, आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय, सध्या अंबडला कॉन्ट्रॅक्टवर आहे. कधी लिहित नाही पण हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

आमच्याकडे पाऊस किती पडतो सगळ्यांना माहितीय, चार महिने छत्री मिटत नाही. पण खाली काळा पाषाण, पाणी मुरत नाही, दमणगंगा, पार, नार सगळ्या पश्चिमेला गुजरातकडे उतरून जातात, आणि मार्चपासून आमची आई विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरते. मी आठवीत असताना पाड्यावर गोल ड्रम वाटले, ढकलत न्यायचे. नंतर कळलं की दक्षिण आफ्रिकेत १९९१ पासून तसा ९० लिटरचा रोलर आहे, तिकडं सपाट जमिनीवर चांगला चालतो म्हणे. आमची विहीर खाली ओहोळात, घर वर टेकाडावर. भरलेला ड्रम चढावर ढकलून बघा कुणी. आई पहिल्या दिवशी अर्ध्या वाटेवरून सोडून आली, तो परत खाली ओहोळात गेला. दोन महिन्यांनी त्यात नागली भरली, अजून भरते, उंदीर लागत नाही.

वाटायच्या आधी एक दिवस कुणी आईसोबत त्या वाटेनं चाललं असतं तर त्याच पैशात विहिरीवर कप्पी बसली असती, किंवा दोनशे फूट पाइप आला असता.

कंदिलाचं काम मला शिकवाल का? रविवारी मोकळा असतो. आमच्या पाड्यावर चार पोरं आहेत आयटीआयवाली, घरी बसून आहेत.

सुरगाण्याच्या_बाई

भाऊ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आणि शिकवायचंच असेल तर पोरींनाही घ्या. राजस्थानात तिलोनियाला बेअरफूट कॉलेज आहे, १९७२ पासून, तिथं शाळेचं तोंड न बघितलेल्या बायका, कितीतरी आज्या, सहा महिन्यांत सोलरचं काम शिकून आपापल्या गावी जातात, भाषा वेगळी असली तरी रंगांवरून आणि खुणांवरून शिकतात. आमच्या सहावीतल्या पोरी तर वाचू शकतात.

निवृत्त_हातपंपवाला

पाबळलाही जाऊन या कुणीतरी. पुण्याच्या वाटेवर राजगुरुनगरवरून आत आहे. डॉ. कलबागांनी १९८३ ला विज्ञान आश्रम काढला, शाळेतून बाहेर पडलेली पोरं वेल्डिंग, शेती, वायरिंग हातानं करत शिकतात आणि शिकता शिकता गावाची कामं करून देतात. कलबाग साहेब म्हणायचे ते शिक्षण हेच होतं. पोरगा दुरुस्त करायला शिकला की त्याला पोटाला मिळतं आणि गावाला मिस्त्री मिळतो.

पेठरोडचा_मिस्त्री

मंडळी, अपडेट देतो, उशीर झाला त्याबद्दल माफी.

मागच्या रविवारी आश्रमशाळेत बसलो. हरसूलचे भाऊ तीन पोरं घेऊन आले, काका स्वतः आले ह्या वयात, सुरगाण्याच्या बाई सहावी-सातवीच्या पाच मुली घेऊन जीपने. बॅटऱ्या सातपूरच्या साहेबांनी स्वतःच्या खिशातून आणल्या, कंपनीचं नाव लावू नका म्हणाले.

पहिला कंदील मी उघडला, दुसरा भाऊंनी, तिसऱ्यापासून मी हात लावला नाही. आधी तीन पाकळ्यांचे स्क्रू काढून टाकले, सगळीकडे साधे चौफुलीचे बसवले. मुलींनी मीटर धरला. एकीनं वायर उलट जोडली, बीएमएसनं झेललं, तिनं स्वतःच शोधून काढलं की लाल-काळी बदललीय. चौतीसपैकी सव्वीस लागले. पाचांचं पॅनेल तडकलंय, तिघांची एलईडीची प्लेट गंजलीय, ते आठ स्पेअरसाठी ठेवलेत. दारात उभी राहिलेली ती मुलगी आता कंदिलांची वही सांभाळते, नंबर, तारीख, व्होल्ट, आणि सुट्टीत कुणाच्या घरी कोणता कंदील गेला. कपाटाची किल्लीही सरांनी तिच्याकडे दिली. सिडकोकर साहेबांनी विजेचा अर्ज लिहून आणला होता, त्यावर अधीक्षक सरांची सही झाली, पोच मिळाली की इथं टाकतील.

अडचण एक राहिलीय. पॅनेलची वायर जिथं कंदिलात घुसते तिथली पिन वेगळीच आहे, नाशकात मेन रोडला तीन दुकानं फिरलो, मिळाली नाही. ती काढून साधी गोल डीसी पिन बसवावी म्हणतोय, जी पेठच्या मोबाईलच्या दुकानातही मिळते. कुणी केलंय का असं, पाणी आत जाऊ नये म्हणून काय लावलंत?

गोदाकाठ_कन्या

दादा, रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरच्या भोकात बसणारं कडं, घाला आणि आतून थोडं सिलिकॉन, उघडताना ब्लेडनं निघतं. मी माझ्या यंत्राला आता तेच करतेय. पुढच्या रविवारी मी पण येऊ का? ग्रोमेट पन्नास घेऊन येते, आणि माझं यंत्र आणते, त्या मुलींना उघडायला देते. कुठं अडतात ते मला बघायचंय.

पेठरोडचा_मिस्त्री

या की. सकाळी सहाला दुकानासमोरून निघतो. जादा मीटर असेल तर आणा, पोरी पाच आणि मीटर दोनच आहेत.